मंजुळेचा पान्हा आणि निळ्यांची घसरण

अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझं मलाच कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. (सुटली म्हणजे मीच सोडली. बाईंनी फळ्यापाशी उभं राहून कविता म्हणायला सांगितली होती.) ही वही दुधाच्या हिशोबाची. मागची पानं कोरी होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. कुणाच्या हाती लागलीच, तर अक्षराला हसू नये. हसायला पुढं पुष्कळ आहे.

आमच्या म्हशीला मोटारींच्या शर्यतीचा नाद लागला होता.

आम्ही बावड्याचे. रोज संध्याकाळी म्हैस घेऊन गावात दुधाच्या कट्ट्यावर जायचं, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा धंदा. धार मी काढते. ग्लास देणं, पैसे घेणं आणि बोलणं हे मालकांचं (म्हणजे माझ्या नवऱ्याचं) काम. मी म्हशीच्या आड बसते. मला ती जागा फार आवडते. एवढ्या मोठ्या जनावरामागं बाई दिसत नाही!

जुनी म्हैस आटली आणि मंजुळा घ्यायची ठरली, तेव्हा तीस हजार कमी पडत होते. ते कट्ट्यावरच्या तीन गिऱ्हाइकांनी दिले, प्रत्येकी दहा. रोज दूध प्यायचं आणि पैसे वळते करायचे, असा व्यवहार. एक गॅरेजवाले अस्लमभाई, दुसरे चित्रकलेचे रिटायर झालेले पोवार मास्तर आणि तिसरा टेम्पोवाला बंडा. तिघंही सज्जन. पण तिघांनाही त्या परदेशातल्या शर्यतींचं वेड. चपट्या, एकाच माणसाच्या गाड्या. गरागरा फिरतात आणि निघाल्या तिथंच परत येतात. (आमच्या मालकांची रोजची फेरी तशीच असते, पण त्यांना कुणी कप देत नाही.)

त्यात एक निळ्या गाडीवाल्यांची टीम होती. ती म्हणे आधी सगळ्या शर्यती जिंकायची आणि आता घसरत चालली होती. बंडा निळ्यांचा. अस्लमभाई निळ्यांच्या विरोधात. मास्तर कुणाचेच नाहीत, ते नियमांचे. बंडा मोबाईल आमच्या दुधाच्या बरणीला टेकवून उभा करायचा, त्यातनं गाड्या किंचाळायच्या, आणि त्यांच्यावर हे तिघं किंचाळायचे.

"निळ्यांचा मेन मिस्त्री सोडून गेला, गाडी बसणारच की! माझा हेड मिस्त्री गेला तवा मी दोन वरीस मागं पडलतो," अस्लमभाई म्हणायचे.

"मिस्त्री गेला म्हणून न्हाय, नियम बदललं म्हणून! आमी जिकतोय म्हटल्यावर ह्यांच्या पोटात दुखाय लागलं!" बंडा टेम्पोचा हॉर्न वाजवावा तसा ओरडायचा.

"बंडा, नियम सगळ्यास्नी सारखाच असतोय. खर्चाला मर्यादा म्हंजे मर्यादा. एका शर्यतीत दोन जातीची टायरं म्हंजे दोन जातीची," मास्तर ग्लासाच्या काठावरचा फेस मिशीनं पुसत म्हणायचे.

"आन् त्यो पाच सेकंदाचा दंड? त्यो पण सारखाच व्हय?"

रविवारी खरी शर्यत, बाकी सहा दिवस तिचं बारावं-तेरावं. मंजुळा कान हलवत उभी राहायची आणि सहा लिटर दूध द्यायची.

इथं मला बुद्धी सुचली. एवढ्या गलक्यात सहा लिटर देते, तर शांततेत आठ देईल! दोन लिटर जास्त म्हणजे कर्ज लवकर फिटेल, आणि फिटलं की हे तिघं दुसऱ्या म्हशीपाशी जाऊन भांडायला मोकळे. मी मनाशी पक्कं केलं. पण तिघांना गप्प बसा म्हणणार कोण? मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, ज्यांचं पैसं हाईत त्यास्नी गप बसा कसं म्हणायचं? तूच सांग."

मी तोंडानं सांगणं शक्यच नव्हतं. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: 'दूध देताना शर्यतीवर बोलू नये.' पुठ्ठा मंजुळेच्या खुंट्याला बांधला आणि तिच्या मागं लपून बसले.

मला वाटलं होतं, वाचतील आणि गप्प बसतील. मी हे विसरले होते की ही नियमांवर जगणारी माणसं!

मास्तरांनी चष्मा पुसून पुठ्ठा दोनदा वाचला. "बंडा, नवीन नियम आलाय."

"बोलू नये म्हटलंय," बंडा म्हणाला. "वराडू नये कुठं म्हटलंय?"

"दूध देताना म्हंजे कोण देताना? म्हैस देताना का मालक देताना?" अस्लमभाईंनी शंका काढली.

"मुद्दा हाय," मास्तर म्हणाले. "शिवाय मोडला तर दंड काय, ते लिहिल्यालं न्हाई. दंड न्हाई त्यो नियम न्हवं, त्यो सुविचार झाला."

त्या दिवशी शर्यत बाजूला राहिली आणि माझ्या पुठ्ठ्यावर पाऊण तास वाद झाला! मंजुळेनं साडेसहा लिटर दूध दिलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण मी चौथी पास, त्यात हट्टी. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर खाली लिहिलं: 'वरडू पण नये. जो बोलेल त्याला ग्लास सगळ्यात शेवटी.'

दंड लागू झाला आणि तिघं गप्प झाले. ताजं फेसाळ दूध हुकण्याखेरीज बाकी कशालाही न भिणारी माणसं ती. मोबाईल मुका करून, हाताची घडी घालून, शिक्षा झालेल्या मुलांसारखी ओळीनं बसायची. कट्ट्यावर अशी शांतता पसरली की शेजारच्या म्हशीवाल्यानं येऊन विचारलं, "कुणी वारलं काय हो?"

मी समाधानानं सडाला हात घातला.

मंजुळेनं पाय झाडला. मी कास धुतली, थोपटली, पेंड पुढं सरकवली. ती मान वळवून मोबाईलकडं बघत राहिली. अर्धा लिटर निघालं. पान्हा चोरला! दुसऱ्या दिवशी पाव लिटर. तिसऱ्या दिवशी चरवीच्या बुडाला नुसता ओलावा.

मालकांनी दृष्ट काढली. डॉक्टर आले, त्यांनी म्हशीत काहीच खोट नाही असं सांगून फी घेतली. मग कट्ट्यानं मंजुळेच्या घसरणीचा अभ्यास सुरू केला.

"पेंड बदलली काय? खर्चाला मर्यादा घातली असंल," मास्तर मालकांकडं रोखून बघत म्हणाले. (घातली होती. पण ते कारण नव्हतं.)

"धार काढणारं माणूस बदललं का?" अस्लमभाईंनी विचारलं.

"न्हाय की, हीच हाय," असं म्हणून मालकांनी सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हशीच्या पोटाखाली गेले.

दूध नाही म्हटल्यावर कर्जही वळतं होईना. बंडा दोन आठवडे थांबला. मग एके दिवशी टोपी हातात घेऊन म्हणाला, "वैनी, वंगाळ वाटून घिऊ नका. टेम्पोचं आरटीओत पासिंग आलंय, चारी टायरं बदलाय पायजेत. दूध न्हाय तर माझं उरल्यालं सात हजार तरी द्या. टेम्पो हुबा ऱ्हायला तर घरात खायाचं काय?"

ते मला लागलं. मालक रात्री म्हणाले, "मंजुळा इकू या." मी म्हणाले, "म्हशीवर घेतलेलं म्हशीनंच फेडायचं." एवढं बोलले आणि माझं मलाच नवल वाटलं.

उलगडा झाला तो अस्लमभाईंमुळे. गिऱ्हाइकाच्या गाडीचा सायलेन्सर काढला होता आणि ट्रायल घेत ते बंडाला मागं बसवून कट्ट्यावर आले. गाडी फडाडत होती आणि तिच्यावर बसल्या-बसल्या दोघं भांडत होते. "निळ्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरचं वाटुळं केलं!" "कुणी केलं? त्येला चालवाय येत न्हाय!"

मंजुळेनं कान टवकारले. माझ्या हातात कास भरून आली, आणि चरवीत अशी धार लागली की फेस काठावरनं सांडला!

अस्लमभाईंनी गाडी बंद केली. धार थांबली. चालू केली. धार सुरू. पुन्हा बंद. पुन्हा थांबली. ते गाडीवरनं उतरले आणि हात जोडून म्हणाले, "वैनी, ही म्हैस न्हवं. ही फॅन हाय!"

म्हणजे माझ्या पुठ्ठ्यानंच माझी म्हैस आटवली होती. पुठ्ठा मी त्याच क्षणी फाडून मंजुळेपुढं टाकला. तिनं खाल्ला.

पण आता उशीर झाला होता. शर्यतींचा हंगाम संपला होता, दोन-अडीच महिने एकही शर्यत नाही! बंडानं मोबाईलवर जुनी शर्यत लावली. मंजुळेनं दोन दिवस दूध दिलं, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. (निकाल ठाऊक झाला असावा.) तिला हवं होतं ते भांडण. तिघं भांडायला बसले, पण भांडण काही होईना. कारण निळ्यांचा हंगाम हातचा गेला आणि टेम्पोही उभा, या दोन्हींनी बंडाच खचला होता.

"निळं आता काय वर येत न्हाईत," अस्लमभाईंनी डिवचलं.

"व्हय," बंडा म्हणाला. "संपलं त्यांचं."

"नियमच तसं हाईत," मास्तर म्हणाले.

"बरोबर हाय," बंडा म्हणाला.

एकमत झालं! मंजुळेनं पान्हा चोरला. निळ्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही म्हटल्यावर भांडण कसलं? निळ्यांच्या बाजूनं भांडा असं मालकांना सांगितलं, तर ते अस्लमभाईंसमोर एक वाक्य बोलले आणि दुसऱ्या वाक्याला तेच हसले. चरवी रिकामी होती. बंडाचा टेम्पो त्याच्या दारात उभा होता, पासिंगची मुदत आठ दिवसांवर आली होती.

मी सडावरचा हात न काढता हळूच म्हणाले, "निळ्यांचं काय चुकलं?"

मंजुळेनं कान हलवला.

"कोण बोललं?" मास्तरांनी विचारलं.

"म्हैस बोलली जणू," शेजारचा म्हणाला.

"जोरात बोल की!" मालक माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. "चार थेंब आलं!"

मी डोळे गच्च मिटले आणि ओरडले, "निळ्यांचं काय चुकलं ते मला सांगाच! मी इचारतो की!"

कट्ट्यावरच्या सगळ्या माना म्हशीमागं वळल्या. मग अस्लमभाई म्हणाले, "वैनी, त्यांची गाडी बसलीया."

"बसली म्हणून मोडीत घालायची? आमची म्हैस पंधरा दिवस आटली, तर तुमी काय खाटकाकडं धाडा म्हटलासा?"

"आवो, पन मेन मिस्त्री गेला त्यांचा!"

"मिस्त्री गेला तर काय गाडीची चाकं घिऊन गेला? सासू गेली म्हणून सुनंला भाकरी येत न्हाय व्हय?"

धार लागली. चरवी घुमायला लागली. मास्तर पुढं सरकले. "पण खर्चाची मर्यादा, वैनी!"

मला ती मर्यादा काय असते ते धड ठाऊक नव्हतं. पण घर मी चालवते! "मर्यादा घातली की पयला मार कुणाला बसतोय? ज्येला जास्त खर्चाची सवय त्येला! उपाशी ऱ्हायची सवय असल्याल्याला काय फरक पडतोय? मग सारखा कसा झाला तुमचा नियम?"

मास्तर मिशी पुसायला लागले. चित्रकलेच्या माणसाला चौथी पास बाईनं गप्प केलं! बंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वैनी," तो म्हणाला, "हंगामभर हे मला सुचलंच न्हाय बघा." आणि तोही ओरडायला लागला. त्या संध्याकाळी सात लिटर निघालं.

तिथनं माझी सुटका नव्हती. रोज धार, रोज भांडण. मास्तरांकडनं नियम वहीत उतरवून घेतले: टायर किती जातीचे, दंड किती सेकंदांचा, अपघात झाला की पुढं धावणारी संथ गाडी कसली. भाकरी थापताना पाठ केले. बातमी अशी पसरली की दूध न पिणारी माणसंही मला बघायला यायला लागली, आणि आलीच आहेत म्हणून दूध पिऊन जायला लागली. एका पाव्हण्यानं तर ग्लास संपवून मालकांना विचारलं, "बाईंचा पुढचा कार्यक्रम किती वाजता?" लाजेनं माझे कान तापायचे, पण सड सोडता येत नव्हता आणि निळेही सोडता येत नव्हते.

मुदतीच्या आदल्या दिवशी बंडाचे सात हजार रोख दिले. त्यानं त्यातनं टेम्पोचे चार टायर घेतले. (एकाच जातीचे. मी विचारून घेतलं.) अस्लमभाईंचे उन्हाळ्यापर्यंत दुधात वळते झाले. मास्तरांचे तेवढे राहिले, कारण ते गावाला जाऊन आले. नवीन हंगाम सुरू झाला होता, बंडा पुन्हा रोज ओरडत होता, मंजुळा आठ लिटरवर गेली होती.

शेवटच्या दिवशी मास्तरांचे एकशेऐंशी रुपये निघत होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी, सहा ग्लास तर हाईत. पिऊन टाकतो." मला ते नको होतं, आजच मोकळं व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी पाच सेकंदांच्या दंडावर दीड तास भांडले होते. मी उठून सगळ्यांसमोर आले, पदर खोचला, 'आज सगळं फिटलं' म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. घसा पार बसला होता.

एक नवीन गिऱ्हाईक मालकांना म्हणालं, "बाई लई लाजाळू दिसत्यात, पावणं."

कट्टा हसून लोळला. मी एकशेऐंशी रुपये मोजून मास्तरांच्या तळहातावर ठेवले. तीस हजार पैन् पै फिटले, आणि ते मला बोटांच्या खुणेनं सांगावं लागलं!