धम्मानंदने पडदे उपटले

माझा धाकटा भाऊ धम्मानंद कळमेश्वरला कारखान्यात फिटर आहे आणि राग त्याच्या नाकावर असतो. भाजी अळणी झाली तर तो मुकाट जेवतो; पण कोणी कोणाचा पाणउतारा केला की याचं डोकं फिरलंच. यापायीच त्याने तीन नोकऱ्या सोडल्या. मी मोठी बहीण, पण राग माझ्यातही तेवढाच, त्यामुळे त्याला समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

बावीस वर्षं तो बाबारावांच्या भीमगीतांच्या पार्टीत बास गिटार वाजवतो. तालीम आमच्याच पुढच्या खोलीत होते, चहा मी करते. गायिका कांताबाई. धंतोलीच्या एका दवाखान्यात आयाचं काम करत तिने तीस वर्षं ही पार्टी आपल्या गळ्यावर चालवली.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला बाबारावांना एक तरुण मुलगी गायला आणायची होती. कांताबाईला तसं तोंडावर सांगायची छाती नव्हती. म्हणून तालमीत त्यांनी मोबाईल काढला. त्यात सूर मोजायची सोय होती. बरोबर लागला की हिरवं, चुकला की लाल. कांताबाईला म्हणाले, गंधार लाव. तिने लावला. लाल. मग धम्मानंदला म्हणाले, "आता तू वाजव गा, तोच सूर." त्या भोळ्या सांबाने वाजवला. हिरवं.

"पाहा," बाबाराव सगळ्यांकडे बघत म्हणाले, "गिटारच्या दांडीवर पितळी पट्ट्यायचे पडदे ठोकेल असतात, तिथं सूर हालत नाही. बाईचा उतरला. वयाले कोणी काय करन?"

धम्मानंद म्हणाला, "भाऊ, गिटारचा अन् कीबोर्डचा गंधार मुळातच जरासा चढा असते. मोबाईल त्याच मापानं मोजते. मावशीचा खरा आहे."

"मंग मशीन खोटं बोलून राहिली का?"

सगळे हसले. कांताबाईने पदर सावरला आणि चपला घालून निघून गेली. मला असा संताप आला की बाबारावांच्या पुढ्यातला चहा मी उचलून आत नेला आणि मोरीत ओतला.

रविवारी सकाळी बघते तर गिटार ओट्यावर आडवी, तारा काढलेल्या, आणि धम्मानंदच्या हातात पकड.

"काय करून राहिला गा?"

"मावशीच्या विरोधात या पडद्यायची साक्ष काढली ना त्यानं? साक्षीदारच ठेवत नाही."

पहिला पडदा त्याने हिसडून ओढला. पितळेच्या पट्टीसोबत लाकडाचा कपचाही आला. मी ओरडले, "अबे, लाकडावर काहून राग काढतं? गरम कर आधी!" मग तो भानावर आला. सोल्डरिंगच्या सळईने एकेक पट्टी तापवायची, पकडीने कडेपासून हळूहळू उचलायची, असे उरलेले एकोणीस काढले. खाचांत पातळ लाकडी व्हिनिअरच्या बारीक पट्ट्या गोंद लावून बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने सगळं सपाट घासलं. दांडीवर नुसत्या फिकट रेघा राहिल्या. कारखान्यात कोणी एवढं नेटकं काम करत असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या तालमीला कांताबाई येईना. मी घरी जाऊन तिला हाताला धरून आणलं. बाबाराव होते, भूमिका नावाची ती नवी मुलगीही होती. धम्मानंदने तार छेडली. पहिला सूर खाली, दुसरा खाली, सगळेच खाली.

"घ्या," बाबाराव मांडीवर थाप मारत म्हणाले, "आता बेसुऱ्यायची जोडी जमली!"

धम्मानंदचे कान लाल झाले. त्याने गिटार गळ्यातून काढली. ही आता बाबारावांच्या टाळक्यात बसते, असं मला वाटलं आणि खरं सांगते, मी अडवणार नव्हते.

"थांब गा," कांताबाई दारातूनच म्हणाली. "उतरून राहिला तू. बोट पुढं सरकव."

त्याने खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पडदा असताना बोट त्याच्या मागे दाबायचं असतं, सूर पडद्यातून निघतो. आता सूर बोटाखालून निघणार, म्हणजे बोट थेट रेघेवर हवं. पडदे गेले होते, बावीस वर्षांची सवय गेली नव्हती.

कांताबाई भिंतीकडे तोंड करून बसली. "पुढं. अजून. केसभर मांगं. बस." दांडीकडे न बघता तिने एकेक सूर जागेवर बसवला. बाबारावांनी पुन्हा समोर धरलेला मोबाईल हिरवा होत गेला. गंधाराला मात्र तिने त्याला रेघेच्या किंचित अलीकडेच थांबवलं. लाल. त्या लाल सुरावर तिने आवाज लावला, आणि गिटार कुठली, बाई कुठली, मला सांगता येईना.

"काकाजी," भूमिका हळूच म्हणाली, "मावशीचंच बरोबर वाटून राहिलं."

बाबारावांनी मोबाईल उलटा ठेवला. "बरं, बाईले एक गाणं देऊन टाकू."

"गाण्याचं मंग पाहू," कांताबाई म्हणाली. "सगळ्यायसमोर मले बेसूर म्हटलं. आता सगळ्यायसमोर म्हणा, नव्हती म्हणून."

धम्मानंदने तारेवर पंजा ठेवला. ढोलकीवाल्या दुर्गेशने ढोलकी मांडीवरून खाली उतरवली. तिच्याशिवाय इथे कोणी वाजवणार नाही, हे बाबारावांना कळलं.

"नव्हती बेसूर," ते पुटपुटले.

"जोरानं म्हणा, बाबाराव. मले आलं ऐकू. तुमच्या मोबाईलले नाही आलं."