मुंगसाचा आवाज

कोपरगावला आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मी तिसरीत होते. आठवड्यातून एकदा संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम लागायचा आणि त्यात एक मुंगूस यायचं. हातात घालायची कापडी बाहुली होती ती. करड्या लोकरीचं अंग, काचेच्या मण्यांचे डोळे. तोंड उघडत नव्हतं, पापण्या हलत नव्हत्या. पण कुणी प्रश्न विचारला की ते लगेच उत्तर द्यायचं नाही. जरासं मागे सरायचं, विचारणाऱ्याकडे बघत राहायचं आणि मगच चिरक्या आवाजात बोलायचं. तेवढ्या वेळात ते खरोखर विचार करतंय, याबद्दल मला कधीच शंका आली नाही.

पुढच्या मे महिन्यात मुंबईच्या मामानं ओळख काढून मला स्टुडिओत नेलं. तिथे मी टेबलाच्या बाजूला उभी होते, त्यामुळे खालचं सगळं दिसत होतं. काळा सदरा घातलेला एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. मान खाली, डावा हात वर, चेहरा घामानं निथळत होता. बोलत तोच होता. ओठ हलताना मला दिसत होते. तरी चित्रीकरणाच्या मधल्या वेळात मी जवळ गेले आणि मुंगसालाच विचारलं, "तू शाळेत जातोस का?" ते मागे सरलं, माझ्याकडे बघत राहिलं. "जातो," ते म्हणालं, "पण मला कुणी हजेरीत घेत नाही." खालच्या माणसाकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता मी श्रीगोंद्याला प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील पालकसभेला आले होते. लकवा झालेल्या लोकांकडून ते घरोघरी जाऊन व्यायाम करून घेतात. बोलता बोलता म्हणाले, "काष्टीत एक पेशंट आहेत, बाई. टीव्हीत बाहुल्या नाचवायचे. आता बोलणंच गेलंय." मी विचारलं, कुठली बाहुली? ते म्हणाले, "मुंगूस."

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी काष्टीला गेले. गावाबाहेर, उसाला लागून घर होतं. मुंबई सोडून ते दोघं नवराबायको वाटणीच्या शेतावर येऊन राहिले होते. काकूंनी दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "या, बाई. पर ते बोलनार न्हाईत. उजवी बाजू समदी गेली. मला हाकसुदिक मारता येत न्हाई त्यांला."

काका खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण त्या पाहण्यात काही नव्हतं. मी स्टुडिओची आठवण सांगत राहिले. शेवटी न राहवून काकूंना विचारलं, "ते मुंगूस आहे का हो अजून?"

त्यांनी ट्रंकेतून काढून दिलं. मी ते काकांच्या मांडीवर ठेवलं. डावा हात आपणहून आत गेला. मुंगूस उठलं, अंग झटकलं, खोलीभर नजर फिरवली. मग माझ्याकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "लई दिसांनी आली."

तोच आवाज. काकूंच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं खाली पडलं. सात महिन्यांत त्या घरात काकांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

मी रडत होते, हसतही होते. विचारलं, "काका कसे आहेत?" मुंगूस वळलं आणि काकांच्या तोंडाजवळ जाऊन बराच वेळ निरखत राहिलं. मग म्हणालं, "हा? हा झोपलाय."

काकांचे डोळे सताड उघडे होते. त्यांतून पाणी गळत होतं.

मी दर शनिवारी जाऊ लागले. खरं सांगायचं तर मी मुंगसासाठीच जात होते. डॉक्टर म्हणाले, असं होतं; हाताची सवय आणि आवाजाची सवय एकत्र राहून गेली असेल. ते ऐकून मला बरं वाटलं, पण त्या खोलीत बसल्यावर ते पटत नसे. मुंगूस उसाबद्दल बोले, कारखान्याच्या भोंग्याबद्दल बोले, मी साडी कुठली नेसलेय तेही सांगे. काकांबद्दल विचारलं की मात्र एकच उत्तर, "झोपलाय."

काकूंना पहिले काही दिवस आनंद झाला. मग त्या दारातच बसू लागल्या. एकदा मला पडवीत थांबवून म्हणाल्या, "बाई, मी त्याला इचारते जेवनार का, आन् ते म्हनतं, मी जेवत न्हाई, ह्याला चार. नवऱ्याला घास भरवते मी, आन् ते माज्याकडं बगत बसतं. ट्रंकेत ठिवलं तर हे तोंड उगडत न्हाईत. पंचेचाळीस वर्सं ह्यांच्यासंगं काढली. मला त्याच्याशी न्हाई बोलायचं. मला ह्यांच्याशी बोलायचंय."

मला लाज वाटली. लहानपणी केलं तेच मी आताही करत होते.

मी आत गेले. मुंगूस माझ्याकडे वळलं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते किती अवघड गेलं, सांगता येत नाही. डोळे सारखे तिकडेच ओढले जात होते. मी काकांच्या डोळ्यांत बघत म्हटलं, "काका, मी हे काढून ठेवतेय."

"नको," मुंगूस म्हणालं.

मी हळूच ओढलं. लोकर आतून ओलसर, गरम होती. काकांनी विरोध केला नाही. हात बाहेर आला तो पांढराफटक, पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. आणि तो थांबला नाही. दोन बोटं पुढे आली, अंगठा जरा वळला, हात मागे सरला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला तो हात दिसत नव्हता. मला मुंगूसच दिसत होतं. मी रिकामं कापड हातात धरून दोन पावलं मागे गेले.

मग तो हात दाराकडे वळला. काकू तिथे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी तो हात दोन्ही हातांत गच्च धरला. बोटं थोडा वेळ वळवळली, मग निपचित पडली.

 काकूंनी हात सोडला नाही. शेवटी काकांचा जबडा हलला. घोगरा, खालच्या पट्टीतला, मी कधीच न ऐकलेला आवाज आला, "अगं."

काकू त्यांच्या तोंडाजवळ वाकल्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "हितंच हाय मी."

आज काकांना पंधरा-वीस शब्द येतात. पाणी, पुरे, ये, अगं. माझ्यासाठी शब्द नाही; मी गेले की मान हलवतात. मी आता त्यांच्याकडे बघून बोलते, त्यांच्या हाताचं कौतुक त्यांनाच सांगते, आणि ते ऐकताना खाली बघून थोडे लाजतात.

मुंगूस काकूंनी घरात ठेवलं नाही. काका बोलले त्याच दिवशी माझ्या पिशवीत घालून दिलं. परतीच्या एसटीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई बराच वेळ पिशवीकडे बघत होती. लिंपणगावच्या पुढे ती म्हणाली, "मांजराचं पिल्लू हाय का वो? हालतंय."

"नाही," मी म्हणाले. "रस्ता खराब आहे."

पुढच्या थांब्यावर ती जागा बदलून बसली.