तोट्यातली गाडी

जव्हारहून पोशेऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत ती मला एकदाच भेटली. मी तिकडच्या शाळेत शिक्षक, म्हणून रोजचा प्रवासी. ती दवाखान्यातून सुनेला घेऊन निघाली होती आणि तिच्या कुशीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं कोवळं बाळ होतं. खड्डा आला की ती सीटवरून जराशी उठायची, म्हणजे बाळाला धक्का लागत नसे.

त्या दिवशी एक साहेब गाडीतली माणसं मोजायला आले होते. "ही फेरी तोट्यात आहे, बंद करावी लागेल," ते कंडक्टरला म्हणाले.

तिनं बाळाच्या तोंडावरचा पदर सारला. "सायेब, सुनेला कळा लागल्या तवा ह्याच गाडीनं नेली. आता दोघं जित्ती घरी चालली. हा नफा कुठं धरता तुम्ही?"

साहेब पुढच्या सीटवरची माणसं मोजू लागले. सून ओशाळून हसली.

नंतरचे बरेच दिवस मी थांब्यावर धास्तावून उभा राहायचो. पण फेरी बंद झाली नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. घाटाच्या वळणावर हॉर्न वाजला की आजही माझा जीव भांड्यात पडतो.