दुसऱ्या मोजणीचे शून्य

शनिवार, २१ मार्च २०१५. दिवस आणि रात्र जवळपास सारख्याच लांबीचे असण्याचा हा काळ. कोणीही दिनदर्शिका उघडून पडताळून पाहावे. त्या सकाळच्या बाकीच्या गोष्टी इतक्या सहजी पडताळता येत नाहीत.

फाटककाका आणि काकू सहाच्या सुमारास तळ्याच्या बांधावर पोहोचले, तेव्हा पाण्यावर पातळ धुके होते. काकूंच्या एका हातात थर्मास, दुसऱ्यात दोन घडीच्या खुर्च्या. काकांच्या गळ्यात दुर्बीण आणि उजव्या मुठीत मोजणीचे यंत्र. खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकायचा, बाजूची चावी फिरवली की शून्यावर यायचा. हे यंत्र सत्तावीस वर्षे नदीवरच्या फेरीबोटीच्या फाटकावर चालले होते. बोटीत चढणारा प्रत्येक माणूस काकांनी त्यावर मोजला होता. फाटककाका हे नाव पडले ते त्या फाटकावरूनच.

फाटकावर त्यांचा एक नियम असे. प्रत्येक फेरीआधी यंत्र शून्यावर आणायचे आणि रांगेतल्या पहिल्या उतारूला दाखवायचे. "बघा, शून्य." कोणी चेष्टेने म्हणे, "काका, शून्य बघायचं वेगळं तिकीट आहे का?" काका म्हणत, "फुकट आहे. पण बघितल्याशिवाय फाटक उघडत नाही."

मग पूल झाला. बोट चालवणाऱ्यांनी उतारूंचे आकडे मागितले, काकांनी खरे आकडे दिले आणि त्याच आकड्यांच्या आधारे बोट बंद झाली. शेवटच्या फेरीला अकरा उतारू होते, काकूंना धरून.

तेव्हापासून काका तळ्यावर पक्षी मोजत. उत्तरेकडे परतणारी बदके आणि कुरव वसंतात इथे चार-आठ दिवस टेकत: चमच्यासारख्या चोचीचे थापटे, लांब शेपटीची तलवार बदके, डोक्यावर गडद टोपी चढू लागलेले कुरव. वसंताची मोजणी सलग तीन वर्षे हजाराखाली गेली, तर तळे संरक्षित यादीतून निघणार होते आणि गोदामांसाठी भराव पडणार होता. मागची दोन वर्षे आठशे एकाहत्तर आणि नऊशे चाळीस. हे तिसरे वर्ष. मोजणीचा दिवस एकच, मोजणारा एकच.

उतारू नसल्यामुळे शून्य पाहण्याचे काम काकूंकडे होते. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ते केले.

"बघितलं तुमचं शून्य. आता पाखरं बघा."

काकांनी बावन्न मोजले आणि धुके दाट झाले. समोरचा काठ पार पुसला गेला. काकांनी वहीत बावन्न लिहून त्यावर रेघ मारली. पुढचा तासभर धुके हलले नाही. धुक्याआडून नुसता कलकलाट येत होता, आणि ज्याला डोळ्यांनीच मोजायचे आहे त्याच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखा होता.

"चहा घ्या."

"नको."

"अहो, तुम्ही उपाशी राहिलात म्हणून एक बदक वाढणार नाहीये."

सात वाजून पाच मिनिटांनी धुके एकाएकी फाटले. सगळे पाणी पक्ष्यांनी भरलेले होते. काका असे उठले की खुर्ची मागे कलंडली. डाव्या टोकापासून त्यांचा अंगठा चालू लागला तो पाऊण तास थांबला नाही. शेवटचा कुरव मोजून त्यांनी यंत्र डोळ्यांपुढे धरले. एक हजार शेहेचाळीस.

काकूंनी दोन्ही हात जोडले. काकांनी वही उघडली, आकडा लिहिला, आणि त्यांची नजर वरच्या रेघ मारलेल्या बावन्नावर गेली. हजार शेहेचाळीसातून बावन्न गेले तर नऊशे चौऱ्याण्णव.

चावी फिरवल्याचे त्यांना आठवत होते. बोटांना चावीचे दातेसुद्धा आठवत होते. पण ती आठवण त्या सकाळची होती की सत्तावीस वर्षांतल्या हजारो सकाळींची, हे काही केल्या कळेना.

"अगं, मी शून्य दाखवलं ना तुला?"

"दाखवलंत की."

"आधी की धुकं गेल्यावर?"

काकू थर्मासचे झाकण घट्ट करू लागल्या. ते आधीच घट्ट होते.

"तुम्ही कधी विसरलाय का?"

"मी ते विचारत नाहीये."

"मग काय विचारताय? तुमच्या खरेपणानं एक बोट बुडवली. आता तळंही बुजवा!"

काका पुन्हा पाण्याच्या कडेकडे धावले. यंत्र शून्यावर आणले, डोळ्यांसमोर धरून मोठ्याने म्हणाले, "शून्य!" अंगठा सत्याहत्तरावर असताना समोरच्या काठावरून ससाणा आला. सगळे पाणी एकदम उठले. दोन घिरट्या झाल्या, तिसरी होईल म्हणून काका श्वास रोखून उभे राहिले. ती झाली नाही. थवे लांबट होत उत्तरेकडे गेले.

"या रे," काका म्हणाले. "एकदाच या."

मागे पाण्यावर पिसे उरली.

साडेआठला संरक्षित यादीचे काम पाहणाऱ्या निरीक्षक बाई मोजणीचे पत्रक न्यायला आल्या. वहीतला आकडा पाहून त्यांचा चेहरा उजळला. "काका, जिंकलात! लवकर सही करा."

काकांनी त्यांना सगळे सांगितले. बाईंनी खालचा ओठ चावला. "आकड्याची चौकट एकच आहे, काका. आणि काकूंनी शून्य पाहिलंय म्हणतात ना?"

मग काकांनी चौकटीत १०४६ लिहिले. पेन टेकवून ठेवल्याने कागदावर शाईचा ठिपका फुटला. त्याच्याच पुढे, शेऱ्याच्या ओळीत, त्यांनी लिहिले: "दुसऱ्या मोजणीआधी यंत्र शून्यावर होते की नाही, मला सांगता येत नाही." मग सही केली. काकू खुर्च्या तशाच सोडून बांधावरून एकट्या चालू लागल्या होत्या.

शेऱ्यामुळे मोजणी बाद ठरली. फेरमोजणी ४ एप्रिलला झाली, तोवर स्थलांतर उरकले होते. एकशे अठ्ठ्याऐंशी पक्षी मिळाले. जूनमध्ये तळे यादीतून निघाले. काका तरीही रोज बांधावर जात, भरावाच्या गाड्या येऊ लागल्यावरही. यंत्र घरीच राही.

पत्रक आणि वही दोन्ही शाबूत आहेत. पक्ष्यांचे वरील सर्व आकडे त्यांतलेच आहेत. २१ मार्चला सात वाजून पाच मिनिटांनी यंत्रावर शून्य होते की बावन्न, हे त्यांतून कळत नाही. काकूंनी ते दुसऱ्यांदा खरोखर पाहिले होते का, हेही कळत नाही. काकांनी त्यांना पुन्हा विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.