साखरबाईंची झोप

मांडवगण फराट्याला मी अकरा वर्षं आरोग्यसेविका होते. दारुडे पाहिले, बायकोला मारणारे पाहिले, मुलगी झाली म्हणून दवाखान्याकडे न फिरकणारे बापही पाहिले. पण ज्या माणसाचं तोंड दिसलं की माझ्या कपाळाची शीर तडतडायची, त्याचा गुन्हा ऐकाल तर हसाल. त्याला झोप येत नव्हती. निदान तो तसं सांगायचा.

बापूसाहेब त्याचं नाव, वय चौसष्ट. गाव त्याला अहो-जाहो करायचं, तोंडावर मीही करायचे. इथं मात्र करणार नाही.

गावातल्या एका सोसायटीचा तो बारा वर्षं चेअरमन होता. तेराव्या वर्षी सतरा मतांनी पडला. शेती मुलगा सत्यजीत बघायचा, गोठा बायको बघायची, घर सून बघायची. याच्याकडे होती एक खुर्ची, तीही गेली. सकाळपासून ओट्यावर बसणारी माणसं उठून नव्या चेअरमनच्या ओट्यावर गेली. दोन महिने याचा ओटा रिकामा होता. मग एके दिवशी त्यानं जाहीर केलं, "इलेक्शन झाल्यापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाई." आणि माणसं परत आली.

झोप न येणाऱ्या माणसाला भेटायला जाणं फार सोयीचं असतं. फळं न्यावी लागत नाहीत, तोंड पाडून बसावं लागत नाही, आणि सांगायला प्रत्येकाजवळ एक उपाय असतोच. कुणी म्हणालं, जायफळ उगाळून दुधातून घ्या. कुणी खसखशीची खीर सांगितली. कुणी जेवताना कच्चा कांदा, तर कुणी झोपताना गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायला सांगितले. वडगाव रासाईचे आण्णा, याचे जुने दोस्त, दर आठवड्याला मोटरसायकलवरून नवीन काहीतरी घेऊन यायचे. कधी तिळाच्या तेलानं डोकं चोळणं, कधी शंभरपासून उलटं मोजणं, कधी भ्रामरी. सत्यजीतनं पुण्याहून कसल्याशा वासाची बाटली आणली आणि मोबाइलवर बासरी लावून दिली.

बापूसाहेब प्रत्येक उपाय रात्री करून घ्यायचा आणि सकाळी ओट्यावर बसून नापास करायचा. "जायफळानं काय फरक न्हाई." "बासरीनं तर उलट डोकं उठलं." हे सांगताना त्याचा चेहरा कसा खुललेला असायचा! एकदा मला म्हणाला, "सिस्टर, साध्या मानसाला झोप येती. ज्याच्या डोक्यात गावाचा इचार, त्याला कुठली झोप?" गावानं त्याला सतरा मतांनी कळवलं होतं की आमचा विचार करू नका. ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

हा माणूस दुपारी जेवून दोन ते साडेचार पंख्याखाली आडवा व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, "नुसता पडून असतो." संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांबरोबर चार कप चहा, नऊला जेवण, आणि मग गादीवर पडून मोबाइलमध्ये गावच्या ग्रुपवर आपल्याबद्दल कोण काय लिहितंय ते वाचत बसायचं. मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, दुपारची झोप बंद करा, चारनंतर चहा नको, अंथरुणात मोबाइल नको, आणि रात्र कशीही जावो, सकाळी रोज सहाला उठायचंच. तो आण्णांकडे बघून हसला. म्हणाला, "सरकारी इलाज!" या इलाजात दुसऱ्या कुणाला राबवता येत नव्हतं, ही त्याची खरी अडचण.

बाकीच्या उपायांमध्ये राबायला साखरबाई होत्या.

साखरबाई त्याची बायको. अठ्ठावन्न वर्षांच्या, काटक, बोलायला कमी. पहाटे साडेचारला उठून पाच गाईंच्या धारा काढायच्या. रात्री जायफळ उगाळायच्या, दूध आटवायच्या, पाय बुडवायला पाणी तापवायच्या, डोकं चोळायच्या. सगळ्यात शेवटी काशाची वाटी. तळपायाला तूप लावून या वाटीनं घासत राहायचं. घासता घासता तूप काळं पडतं आणि लोक म्हणतात, बघा, अंगातली उष्णता निघाली. काळं पडतं ते वाटीच्या धातूमुळं. पण पाय चोळून घेतले की बरं वाटतं यात शंका नाही. ज्याचे पाय असतात त्याला वाटतं. वाटी धरणाऱ्याचं मनगट सुजतं. बापूसाहेबाचा हुकूम असा होता की आपल्याला झोप लागेपर्यंत हात थांबायचा नाही. आणि झोप तर त्याला लागतच नव्हती. वर्षभर हे रोज चाललं होतं.

एका सकाळी साखरबाई गोठ्यात कडबाकुट्टीच्या यंत्रात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, घालत होत्या. घालता घालता उभ्याउभ्याच त्यांचा डोळा लागला आणि पेंढीबरोबर हात पुढं सरकला. शेजारच्या वस्तीवरचा भैरू तेवढ्यात दूध न्यायला आला होता. त्याच्या आजापर्यंत घरात मेंढरं होती, आता तो दोन एकरात कांदा करतो. त्यानं एका हातानं त्यांचं मनगट मागं ओढलं आणि दुसऱ्यानं खटका पाडला. यंत्र थांबलं तेव्हा पदराचं टोक पात्यात गेलेलं होतं. बोटं वाचली. ओढताना बांगड्या फुटून काच मात्र मनगटात घुसली.

भैरूनं त्यांना माझ्याकडे आणलं. मी चिमट्यानं काचा काढत होते आणि ही बाई खुर्चीत बसल्याबसल्या पुन्हा पेंगली. भूल दिली नव्हती, काही नाही. मनगटात चिमटा फिरतोय आणि बाई झोपलेली. जाग्या झाल्यावर मी त्यांचा बीपी घेतला. एकशे बहात्तर, शंभर.

"रात्री किती झोपता?" मी विचारलं.

"माझ्या झोपंला काय झालंय? झोप ह्यांना येत न्हाई."

"मी तुमचं विचारतेय."

त्या खरंच विचारात पडल्या. हा प्रश्न त्यांना कुणी केला नसावा. "तीन तास व्हत असंल," म्हणाल्या. "कवा कवा कमी."

मी रजिस्टर काढलं. बापूसाहेबाच्या नावापुढं मी वर्षभरात नऊ वेळा निद्रानाश असं लिहिलं होतं. साखरबाईंचं नाव एकदाही नव्हतं. नऊ वेळा मी त्या घरी गेले, नऊ वेळा त्यांनी केलेला चहा प्याले, आणि त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसली नाहीत. बापूसाहेबाबद्दल एवढं तोंड वाजवते आहे, तर हेही सांगायला हवं.

संध्याकाळी पट्टी बघायला त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बापूसाहेब आण्णांना सांगत होता, "आता आज वाटी कोन धरनार? हिच्यापायी माझी रात गेली."

भैरू अंगणात उभा होता. तो म्हणाला, "बापू, काकींचा हात गेला असता."

बापूसाहेब म्हणाला, "गेला का पन?"

मी एक वही मागवली. म्हटलं, मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्यायची तर सात दिवसांची नोंद लागते. आडवे कधी झालात, झोप कधी लागली, किती वेळ लागली, सगळं लिहा. मोठे डॉक्टर म्हटल्यावर स्वारी खूश झाली. आठव्या दिवशी वही माझ्या हातात आली. झोपेच्या रकान्यात सातही दिवस शून्य. प्रत्येक शून्याखाली रेघ, आणि शेवटी चेअरमन असतानाची लफ्फेदार सही. सात दिवस डोळ्याला डोळा न लागलेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण तो रोज सकाळी मिशीला रंग लावून ओट्यावर बसत नसणार.

ती वही मी त्याच्या सुनेला, सुलक्षणाला दाखवली. सुलक्षणा लग्नाआधी एका कंपनीत क्वालिटीला होती. ती रकाने बघून म्हणाली, "सिस्टर, माझ्या खोलीपर्यंत घोरणं ऐकू येतं मामांचं. पण सासऱ्याला बोलायचं कुणी?"

"तू बोलूच नको," मी म्हटलं. "मोबाइल ठेव."

त्या रात्री तिनं रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल बापूसाहेबाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मुद्दाम दहाला गेले. ओट्यावर पाचसहा जण होते. आण्णा कसल्याशा चूर्णाचं पाकीट खिशातून काढत होते. बापूसाहेब सांगत होता, "कालची रात तर लईच वंगाळ. घड्याळाचं सगळं ठोकं ऐकलं."

सुलक्षणानं चहाचा ट्रे ठेवला. "मामा, हे जरा ऐका," म्हणाली आणि मोबाइल लावला.

आधी काशाच्या वाटीचा आवाज आला, खस्स, खस्स. मनगटाची जखम ओली होती म्हणून साखरबाई डाव्या हातानं घासत होत्या, हे मला नंतर कळलं. मग बापूसाहेबाचं कण्हणं. मग दहा चाळीसला घोरणं सुरू झालं. सुलक्षणानं पुढं सरकवलं. साडेअकरा, घोरणं. दीड, घोरणं. पहाटे चार, घोरणं. ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हस आसंल ती," बापूसाहेब म्हणाला.

त्याच्या गोठ्यात म्हैस नव्हती.

"ती झोप न्हवं, गुंगी असती नुसती," तो पुन्हा म्हणाला. आण्णांनी पाकीट हळूच परत खिशात घातलं.

नंतर एका डॉक्टरांनी मला सांगितलं की काही लोक चांगले झोपतात आणि तरी रात्रभर जागे होतो असं त्यांना खरोखरच वाटतं. तसंही असेल. त्याच्याबद्दल इतपत दया मी दाखवू शकते. पण आपण जागे आहोत असं वाटणाऱ्यानं बायकोला जागं ठेवायचं, हे कुठल्या आजारात बसतं ते त्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

साखरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सुलक्षणाला सुरुवात परत लावायला सांगितली. घोरणं सुरू झालं आणि त्याच्या मधूनच त्यांचा स्वतःचा आवाज आला, "अहो, लागला का डोळा?" त्यावर घोरणं. "अहो?" पुन्हा घोरणं. आणि वाटीचा आवाज चालूच. सव्वा एकपर्यंत तो थांबला नाही. झोपलेल्या माणसाचे पाय त्या अडीच तासांहून जास्त वेळ चोळत बसल्या होत्या.

"मला वाटायचं, घोरत असलं तरी जागंच असत्याल," त्या मला म्हणाल्या. "सकाळी त्येच सांगायचं की."

मग त्या आत गेल्या. साबण लावून हात धुतले. कोपरापर्यंत, दोनदा. पिशवीत दोन साड्या घातल्या आणि सत्यजीतला म्हणाल्या, "वरवंडला सोड मला. अनुपमाकडं."

"आन् माझं रातचं?" बापूसाहेबानं विचारलं.

साखरबाई पिशवी घेऊन ओटा उतरल्या. सत्यजीतनं गाडी काढली.

अनुपमा त्यांची मुलगी. तिचं घर वरवंडला हायवेला लागून आहे, दिवसरात्र ट्रकचे हॉर्न. तिथं साखरबाई रविवारी दुपारी तीनला आडव्या झाल्या त्या सोमवारी सकाळी आठला उठल्या. चहा प्याल्या, पुन्हा झोपल्या. अनुपमानं घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, "श्वास नीट आहे ना? मग झोपू दे. उद्या मात्र डॉक्टरकडे ने." डॉक्टरांनी बीपीची गोळी चालू केली.

चौथ्या दिवशी बापूसाहेब गेला आणायला. साखरबाई झोपलेल्याच होत्या. अनुपमानं बापाला पोर्चमध्ये खुर्ची दिली आणि सांगितलं, आई उठल्याशिवाय उठवणार नाही. बारा वर्षं लोकांना ओट्यावर ताटकळत ठेवणारा माणूस दीड तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. नंतर तिथंच, हायवेच्या गोंगाटात, तोंड उघडं टाकून झोपला. साखरबाई उठून बाहेर आल्या तेव्हा तो घोरत होता. अनुपमा त्याला हलवायला गेली.

"ऱ्हाऊ दे," साखरबाई म्हणाल्या. "उठलं की म्हनत्याल, झोपलोच न्हवतो."

तो उठला आणि तसंच म्हणाला.

साखरबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "मी येती. पन मधल्या खोलीत झोपनार. तुमच्या पायाला हात लावायची न्हाई. आन् सकाळची धार तुम्ही काढायची."

"मी? माझी झोप न्हाई व्हत, आन् मी पहाटं उठू?"

"जागंच असता ना? मग काढा."

झोपलो होतो असं म्हणण्याची सोय त्यानं स्वतःच्या सहीनं बंद केली होती.

परत आल्यावर सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. आता खरी झोप उडाली ती साखरबाईंची. मधल्या खोलीत आडव्या झाल्या की हाक ऐकू आल्यासारखं वाटायचं, दचकून उठून बसायच्या. वर्षभराची सवय अंगातून निघत नव्हती. एका मंगळवारी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सिस्टर, मला कायतरी सांगा. पन वाटी सांगू नका."

मी त्यांना तेच सांगितलं जे बापूसाहेबाला सांगितलं होतं. त्यात एवढीच भर घातली की पडून झोप आली नाही तर तळमळत राहू नका, उठा, मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करा, डोळे जड झाले की मगच अंथरुणात जा. पुढचे कित्येक दिवस त्या बाजरी निवडत बसायच्या. सुलक्षणा म्हणायची की त्या महिन्यात घरात एक खडा दाताखाली आला नाही. संध्याकाळचा चहा त्यांनी सोडला. सुलक्षणाबरोबर पाटाच्या कडेनं चालायला जायच्या, एकदा तर दोघी पार नदीपर्यंत गेल्या. दीड महिना गेला. घाई करता येत नाही, आणि त्यांनीही ती केली नाही.

बापूसाहेब धार काढतो. वाईट काढतो, गाई लाथा झाडतात. झोपेचं कौतुक ऐकायला ओट्यावर फारसं कुणी येत नाही. सध्या त्याचे गुडघे दुखतात, आणि गुडघ्यांवरही लोकांकडे पुष्कळ उपाय असतात. साखरबाई त्यातला एकही करत नाहीत.

साखरबाई दर मंगळवारी साडेआठला बीपी दाखवायला यायच्या. हिवाळ्यातल्या एका मंगळवारी नऊ वाजले तरी आल्या नाहीत. मनात नको ते आलं. मी फोन लावला. सुलक्षणानं उचलला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या झोपल्यात अजून. उठवू का?"

"नको," मी म्हटलं.