समोरची रिकामी खुर्ची

आमच्या मावशीच्या थोरल्या मुलाच्या मेलेल्या माणसांशी जेवढ्या ओळखी आहेत, तेवढ्या अख्ख्या कोल्हापुरात कुणाच्या जिवंत माणसांशीही नसतील. रस्त्यात आमदार भेटला तरी हा ओळख देणार नाही, पण कुणाच्या घरी पुढच्या सोप्यात शिरला की भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंसमोर मान लववणार आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की हळूच विचारणार, "काय मामा, बरं हाय न्हवं?" एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण हा विचारल्यावर थांबायचा. आणि थोड्या वेळाने, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुढे सरकायचा.

याला कारण त्याचं शिक्षण. नव्वदीच्या दशकात त्याने पुण्याच्या एका महागड्या कला महाविद्यालयाचा हट्ट धरला. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणत असू, लेथवर लोखंड कातण्यात जन्म घालवलेले. त्यांनी उचगावचा प्लॉट विकला आणि पोराला पाठवलं. हा परत आला तो डिग्री, मानेवर रुळणारे केस आणि एक विचित्र खोड घेऊन. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कानांकडे बघायचा. मी एकदा वैतागून कान झाकले, तर म्हणाला, "तोंड खोटं बोलतं, दादा. कानाला ते जमत न्हाय."

नोकरी मात्र त्याच्या कानांकडेही बघेना. जाहिरातवाल्यांकडे तोवर कॉम्प्युटर येऊन बसले होते; हा पेन्सिलींचा डबा घेऊन गेला की ते कौतुकाने बघत आणि चहा पाजून परत पाठवत. शाळांतून चित्रकलेच्या मास्तरची जागा भरायचीच नाही असं ठरलेलं. म्हणून हा दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला, तर वर्षा-दोन वर्षांत गावभर फ्लेक्स फडफडायला लागले.

आप्पांनी ती डिग्री मोठ्या हौसेने सागवानी चौकटीत घालून सोप्यात, आपल्या वडिलांच्या फोटोशेजारी टांगली होती. एके सकाळी त्यांनी स्टुलावर चढून तिला चंदनाचा हार घातला. पाहुणे आले की शांतपणे ओळख करून देत, "पावणं, हा आमचा उचगावचा प्लॉट. गेला." एका म्हाताऱ्या, दृष्टी अधू झालेल्या गृहस्थांनी तर डिग्रीला हात जोडले आणि विचारलं, "आजारी होते व्हय?"

"न्हाय," आप्पा म्हणाले, "शिकत होता."

पोरगा आत भाकरी खात हे ऐकायचा. त्याला पैसा नको होता, मानही नको होता. पोरगं कामाला लागलं, एवढं एक वाक्य त्याला आप्पांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि काम त्याला मिळालं ते मेलेल्यांकडूनच. आपल्याकडे माणूस गेला की भिंतीवर फोटो हवा, पण आयुष्यात एकदाही फोटो न काढलेली कितीतरी म्हातारी माणसं त्या काळात जात होती. अशांचे चेहरे हा काढून देऊ लागला. त्याची पद्धत बघायला मी एकदा त्याच्या स्कूटरवर बसून शाहूवाडीकडच्या एका वाडीवर गेलो आणि अजून पस्तावतो आहे.

अंगणात त्याने एक खुर्ची मांडायला लावली आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही अशी ताकीद दिली. मग गेलेल्या म्हातारीचं सारं गोत ओळीने उभं केलं. एकाची हनुवटी घेतली, नातीचं कपाळ घेतलं, बहिणीचे डोळे घेतले. "तुमचं नाक नको, ते तुमच्या आईकडनं आलंय," असं म्हणून एका नातवाला बाहेर काढलं. आणि मग सगळ्यांकडे पाठ फिरवून त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला. "मावशी, जरा मान वर. हां. पदर असू द्या." भर दुपारची वेळ, लख्ख ऊन, आणि दारातलं कुत्रं उठून, खुर्चीला लांबून वळसा घालून निघून गेलं. मी चहा तसाच ठेवून स्कूटरजवळ जाऊन उभा राहिलो.

चित्र झाल्यावर तिचा म्हातारा नवरा पुढे आला, बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. "आयला, ही तर चिडलीया की!"

"मगाशी तुम्ही बिडी वढली न्हवं?" हा पेन्सिली डब्यात भरत म्हणाला. "त्या बघत होत्या."

म्हाताऱ्याने खिशातलं बंडल काढून मुकाट्याने सुनेच्या हातात दिलं.

असा त्याचा लौकिक राधानगरीपासून निपाणीपर्यंत पसरला. घरी मात्र आप्पांचा रोजचा प्रश्न तोच. "कुठं चाललास?" "काम हाय, आप्पा." "काम हाय, पर नोकरी न्हाय," असं म्हणून ते हाराकडे बोट दाखवायचे.

एकदा मी तिथे असताना गारगोटीहून आप्पांची थोरली बहीण आली. तिला सगळे आत्ती म्हणत. चहा पिता पिता ती पुतण्याला म्हणाली, "जगाच्या आया काढत फिरतोस, माझ्या आईला काढ की रं एकदा." आप्पांनी पेपर तोंडापुढे धरला. त्यांची आई ते रांगतही नव्हते तेव्हा गेलेली. तिचा फोटो नव्हता आणि तिला बघितलेलं आता जगात एकटी आत्ती होती, तीही तेव्हा पाच-सहा वर्षांची पोर.

"आप्पा, तुम्हाला बसाय लागंल," पोरगा म्हणाला. "चेहरा तुमच्याकडं हाय."

आप्पा कुरकुरत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बाप पोरासमोर तोंड मिटून बसला आणि पोराने त्याला डोळे भरून बघितलं. मग त्याने शेजारी रिकामी खुर्ची ओढली. तेवढ्यात वीज गेली, पंखा घरघरत थांबला आणि त्या शांततेत खुर्चीचा वेत करकरला. मी आत्तीकडे बघितलं. आत्तीने डोक्यावर पदर घेतला, थोरलं माणूस आल्यावर घ्यावा तसा.

"आजी, थोडं उजवीकडं," तो हळू आवाजात म्हणाला. "हां. बास."

बऱ्याच वेळाने त्याने कागद फिरवला. कपाळावर आडवं कुंकू, आप्पांचीच हनुवटी, आणि डाव्या कानाची वरची कड चिरलेली. आत्ती उठून चित्राजवळ आली.

"ह्यो कान तुला कुणी सांगितला?"

"का? काय झालं?" आप्पांनी विचारलं.

आत्ती भावाकडे न बघता म्हणाली, "मांडीवर होतास तू. बुगडी धरून अशी वढलीस, कान फाटला. रगत पुसत हसत बसली हुती. त्याच पंधरवड्यात गेली. तुला कशाला सांगायचं, म्हणून जन्मात कुणाला बोलली न्हाय मी."

आप्पा उठले. लेथवर राठ झालेलं बोट त्यांनी चित्रातल्या कानाजवळ नेलं आणि टेकवलं नाही. मग स्टूल ओढून त्यावर चढले, डिग्रीवरचा हार काढला, झटकला आणि चित्राला घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा बॅग घेऊन निघाला. आप्पा नेहमीप्रमाणे दारात. "कुठं चाललास?"

"शाहूवाडीला."

"मग कामावर चाललोय म्हण की!" आप्पा एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की समोरच्या गिरणीतला माणूस बाहेर आला.

मी त्याला नंतर एकांतात गाठलं आणि खरं सांग म्हणालो. तो नेहमीप्रमाणे माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "आजींनी पदर मागं सरकवला, दादा. समोर दिसेल तेच काढा, कॉलेजात हेच शिकवलं."

आप्पांना जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांना काढायची वेळ याच्यावर आली नाही. डिग्री अजून तिथेच आहे, बिनहाराची. परवा सकाळी मी गेलो तेव्हा हा बॅग खांद्याला लावून निघत होता. दाराशी ती वेताची खुर्ची असते. तिच्यासमोर तो थांबला.

"कामावर चाललोय, आप्पा," म्हणाला, आणि उभा राहिला.

थोड्या वेळाने त्याने मान हलवली आणि चपला घातल्या. मावशी आतून म्हणाली, "बस की रे खुर्चीवर, चहा टाकते." मी म्हणालो, "नको मावशी, उभाच बरा आहे."