एकवीरेला निघालेलं हेलिकॉप्टर

डोंगरात हेलिकॉप्टर पडलं की पेपरात छापतात, खराब हवामानामुळे अपघात. वाचून माझं डोकं फिरतं. ढग कुणाला बोलवायला येत नाहीत. माणूस त्यांच्यात शिरतो, आणि बहुतेक वेळा त्याला कुणीतरी शिरायला लावलेलं असतं.

आमच्या वेळी लावणारे आम्ही होतो.

दोन हजारनंतर भिवंडीभोवतीच्या शेतांत गोदामं उभी राहिली, जमिनीचा पैसा आला आणि लग्नांना माज चढला. शेलार गावात माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं. लग्नानंतर जोडप्यानं कार्ल्याला एकवीरा आईच्या पाया पडायला जायचं, ही आमची रीत. काकांनी जाहीर केलं, जोडपं हेलिकॉप्टरनं जाईल. मी तेव्हा सोबत्यांबरोबर असल्या मिरवण्याविरुद्ध पत्रकं काढत फिरायचो. घरचं लग्न म्हणून सोडलं तर कसला कार्यकर्ता? धामणकर नाक्यावर पत्रक वाटलं : 'आईच्या पायाशी जाताना डोक्यावर पंखे कशाला?' लोकांनी ते काकांना चहा पितापिता मोठ्यानं वाचून दाखवलं, चिडवत.

लग्न मेअखेरीचं. दुपारी पायलट शेताच्या कडेला काकांजवळ आला. खंडाळ्याच्या घाटात ढग खाली उतरल्याचा फोन होता. डोंगर डोळ्यांनी दिसला तरच तो त्यातून जाऊ शकत होता. ढगात शिरल्यावर कडा कुठे आहे ते कळणार नव्हतं. जोडप्याला गाडीनं पाठवा, म्हणाला. काकांनी गाड्यांकडे पाहिलं. मला वाटतं, ते तयारच होते. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"गाडीनं पाठवलं तर हा नाचंल," ते म्हणाले. "बोलंल, काका माझ्या कागदाला भ्याला. न्हाय. हेलिकॉप्टरच जाईल."

पायलटनं पुन्हा सांगून पाहिलं. काकांनी त्याच्या मालकाला फोन लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. तो ऐकत राहिला. मग जाऊन हेलिकॉप्टरमध्ये बसला.

घाटाच्या उतारावर ते आदळलं. पायलट गेला. नवऱ्याचा पाय मोडला, बहिणीची कंबर.

नंतर नाक्यावर लोक माझी पाठ थोपटायचे, तू आधीच बोलला होतास म्हणून. सोबत्यांना पत्रक पुन्हा छापायचं होतं. काय छापायचं? त्यात ढगांबद्दल एक ओळ नव्हती, आमचा सगळा राग मिरवण्यावर. काकांनी दोष स्वतःवर घेतला आणि लग्नांना जाणंच सोडलं. मला कुणी जाब विचारला नाही. विचारला तो बहिणीनं, कमरेला पट्टा, अंथरुणात उताणी.

"तू तिथंच उभा होतास ना, दादा? बाबांना एवढंच बोलायचं होतंस, मी कागद मागं घेतो, गाडीनं पाठवा."

माझ्या कागदामुळे काका अडकले म्हणून मला तेव्हा बरं वाटत होतं. तिला तसंच सांगितलं. तिनं डोळे मिटले.

"आता जा," म्हणाली.